घरात संगणक नाही, मग संगणकाचा गृहपाठ कसा होणार?



शाळा सुरू झाल्या की गटाच्या बैठकीत हप्त्याच्या आधी वह्या-पुस्तकांचाच विषय निघतो. शिकवणी लावायची का, इंग्रजीचं काय करायचं, दप्तर किती जड झालंय. त्यातच आता आणखी एक भर पडली आहे. पोरगी सांगते, "संगणकाच्या बाईंनी घरचा अभ्यास दिलाय." आई म्हणते, "अगं, घरात संगणकच न्हाय, तर अभ्यास कशावर करणार? ऱ्हाऊ दे." तिथंच विषय संपतो.

'ऱ्हाऊ दे' म्हणायच्या आधी हा लेख वाचा. पाचवी ते आठवीच्या मुलांना संगणकाचा जो घरचा अभ्यास मिळतो, त्यातला बहुतेक भाग पेन्सिल आणि वहीवर होतो. जो होत नाही तो शाळेच्या संगणक खोलीत करायचा असतो, आणि तिथं आपल्या पोरीला हात लावायला मिळतो की नाही हे बघणं हे आपलं काम आहे. या दोन गोष्टी समजल्या तर घरात यंत्र नसल्याची अडचण निम्मी होते.

शाळा नक्की काय मागते?

शाळाशाळांत फरक असतो. कुठं आठवड्याला संगणकाचा एकच तास, कुठं दोन. कुठं ते कार्यानुभवात धरतात, कुठं वेगळी श्रेणी देतात. गणित-विज्ञानासारखा याचा पेपर नसतो, म्हणून घरी आपण त्याला चित्रकलेच्या रांगेत बसवतो आणि विसरतो. साधारणपणे अपेक्षा असते ती अशी: संगणकाचे भाग ओळखणं आणि त्यांचं काम सांगणं, कीबोर्डची ओळख, एखादं पत्र किंवा निबंध टाईप करून साठवून ठेवणं, चित्र काढणं, तक्ता करून बेरीज-गुणाकार करणं, आणि एखादं काम पायरी-पायरीनं लिहून दाखवणं. थोड्या पुढच्या वर्गांत स्क्रॅच नावाच्या प्रोग्रॅमवर ठोकळे जोडून मांजर चालवायला शिकवतात. तो खेळ वाटतो, पण ती प्रोग्रॅमिंगचीच सुरुवात आहे.

अकरावी-बारावीचं मात्र वेगळं. तिथं 'माहिती तंत्रज्ञान' हा विषय घेता येतो, त्याला पुरे १०० गुण असतात. बारावीला त्यातली ८० गुणांची परीक्षा संगणकावरच द्यायची असते आणि २० गुण प्रात्यक्षिकाला. वेब पान कसं तयार करायचं ते त्यात शिकवतात. ज्या घरात हा विषय घेतलेली मुलगी आहे तिथं 'संगणकाला काय अभ्यास असतोय' हे वाक्य चालणारच नाही. या मुलींसाठी पुढे थोडं वेगळं लिहिलं आहे.

पायरी-पायरीनं लिहायचं म्हणजे काय

संगणक स्वतः होऊन काही करत नाही. त्याला एकेक पायरी सांगावी लागते, तीही न गाळता. 'चहा कर' म्हटलं की आपली सून समजते. संगणकाला पातेलं घे, पाणी ओत, गॅस पेटव इथपासून सांगायचं, आणि 'दूध नसेल तर काय' हेसुद्धा आधीच सांगून ठेवायचं. मुलांना गृहपाठात हेच लिहायला देतात. त्याचं चित्र काढलं की त्याला फ्लोचार्ट म्हणतात. त्यात सुरुवात आणि शेवट लांबट गोलात, माहिती घ्यायची किंवा द्यायची तर तिरक्या चौकोनात, काम साध्या आयतात आणि जिथं 'हो की नाही' विचारायचं तिथं पतंगासारखा चौकोन. एवढ्या चार आकृत्यांवर वर्षभराचं काम भागतं.

मुलं पुस्तकातला फ्लोचार्ट उतरवून काढतात. दोन संख्यांची बेरीज, मोठी संख्या कोणती, वगैरे. उतरवलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही. त्यापेक्षा तिला सांगा, आपल्या गटात कर्ज कसं मंजूर होतं त्याचा फ्लोचार्ट काढ. अर्ज आला. ताईची आधीची थकबाकी आहे का? हो असेल तर आधी ती भर, आणि बाण परत वर. नसेल तर पुढे. बैठकांना हजेरी आहे का? गटाकडे तेवढी शिल्लक आहे का? नसेल तर पुढच्या बैठकीत. असेल तर ठराव, इतिवृत्तात नोंद, सह्या, रक्कम. पोरगी तुम्हाला प्रश्न विचारत बसेल आणि तुम्ही उत्तरं द्याल. दहावी न झालेली आईसुद्धा इथं शिक्षिका असते, कारण गटाचे नियम तिला पाठ आहेत. कधीकधी या चित्रातून गटाचीच एखादी गोम बाहेर येते: 'शिल्लक कमी असेल आणि अर्ज दोन असतील तर कुणाला आधी?' हे आपण कधी लिहूनच ठेवलेलं नसतं.

कर्जाची वही म्हणजेच एक्सेलचा तक्ता

आता सगळ्यात महत्त्वाचं. सातवी-आठवीत मुलांना स्प्रेडशीट शिकवतात, बोलीभाषेत आपण सगळ्यालाच एक्सेल म्हणतो. उभ्या रकान्यांना ए, बी, सी, डी अशी नावं आणि आडव्या ओळींना आकडे. बी रकाना आणि दुसरी ओळ जिथं मिळते तो चौकोन बी२. झालं. आपली कर्ज खतावणी अशीच आखलेली असते, फक्त तिला कुणी इंग्रजी अक्षरं दिलेली नाहीत.

समजा गटातून १०,००० रुपये कर्ज घेतलं, दरमहा शेकडा २ रुपये व्याज, मुद्दल दहा हप्त्यांत, म्हणजे महिन्याला १,००० रुपये. व्याज उरलेल्या मुद्दलावर. पहिल्या महिन्यात शिल्लक १०,०००, व्याज २००, भरायचे १,२००. दुसऱ्या महिन्यात शिल्लक ९,०००, व्याज १८०, भरायचे १,१८०. तिसऱ्यात व्याज १६०. असं करत दहाव्या महिन्यात शिल्लक १,०००, व्याज फक्त २०. दहा ओळी वहीत आखून पोरीला भरायला सांगा आणि खाली व्याजाची बेरीज करायला लावा. उत्तर १,१०० रुपये येतं.

मग दुसऱ्या पानावर तोच तक्ता परत, पण या वेळी व्याज दर महिन्याला पूर्ण १०,००० वरच. म्हणजे महिन्याला २०० आणि दहा महिन्यांचे २,०००. तोंडी दर तोच, 'दोन रुपये शेकडा'. फरक ९०० रुपयांचा. दारात येऊन कर्ज देणारे आता कमी नाहीत, आणि दर सांगताना तो उरलेल्या मुद्दलावर आहे की सगळ्यावर हे सांगायला बरेच जण विसरतात. तुमच्या घरात आठवीतली मुलगी हा तक्ता मांडू शकत असेल तर सही करायच्या आधी तिला बसवा.

शाळेत गेल्यावर हाच तक्ता ती संगणकावर करेल. ए रकान्यात महिना, बी मध्ये शिल्लक मुद्दल, सी मध्ये व्याज, डी मध्ये भरायची रक्कम. पहिली ओळ नावांची, दुसरी ओळ पहिल्या महिन्याची. सी२ मध्ये ती लिहील: बरोबरचं चिन्ह, मग बी२ गुणिले २ भागिले १००. संगणकावर गुणाकाराला फुली न वापरता चांदणी वापरतात, भागाकाराला तिरकी रेघ. डी२ म्हणजे १,००० अधिक सी२. आणि बी३ म्हणजे बी२ वजा १,०००. पहिल्या महिन्याचं व्याज आणि भरणा, दुसऱ्या महिन्याची शिल्लक, एवढंच हातानं लिहायचं. बाकीचं माऊसनं खाली ओढलं की सगळे महिने आपोआप भरतात. वहीत अर्धा तास लागलेलं काम दोन मिनिटांत होतं. पण ज्या मुलीनं आधी वहीत केलंय तिलाच कळतं की संगणकानं काय केलं. बाकीच्या मुली फळ्यावरचं उतरवतात आणि सूत्रात एक आकडा चुकला की हात वर करून बसतात.

तुमच्या गटाचे हिशेब आता लोकओएस ॲपवर भरायला सुरुवात झाली असेल तर सीआरपी ताईंना विचारा, ती माहिती कशी भरतात ते मुलीला पाच मिनिटं शेजारी बसून बघू द्या. फक्त बघू द्या. पासवर्ड, ओटीपी आणि सभासदांचे बँक खाते क्रमांक हे पोरांच्या हातात द्यायचे नाहीत, अगदी हुशार पोर असलं तरी नाहीत.

हे आपल्या भागाला नवं नाही

आपल्याकडं संगणक कालपरवा आला असं वाटतं. तसं नाही. १९९८ साली वारणा खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत, 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प सुरू झाला होता. वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या आधारानं गावोगावी संगणक ठेवले गेले. शेतकऱ्याला आपल्या उसाची माहिती त्यासाठी लांब न जाता गावातच मिळावी हा हेतू. त्या काळात शहरातल्या किती शाळांत संगणक होते ते आठवा! पुढं काही गावांत संगणक बाजूला ठेवून तीच माहिती मोबाईलच्या एसएमएसवर देण्याचा प्रयोगही झाला.

यातून आपल्या विषयापुरतं एवढं घ्यायचं. गावात यंत्र येऊन पंचवीस वर्षं झाली, पण त्याच्यासमोर बसणारा माणूस वेगळा आणि पावती हातात घेणारा वेगळा. पावती घेऊन घरी येणाऱ्यांत आपले सासरे होते, नवरे होते. समोर बसणाऱ्यांत बायका किती होत्या, हे ज्याच्या-त्याच्या गावानं आठवून बघावं.

आज माऊस कुणाच्या हातात होता?

म्हणून शाळेतून आल्यावर मुलीला 'आज काय शिकवलं' असं विचारू नका. त्याला 'काय न्हाय' हेच उत्तर येतं. विचारा, "आज माऊस कुणाच्या हातात होता?"

एका यंत्रावर दोन-तीन मुलं बसतात. त्यातला एक पटकन खुर्ची ओढून माऊस धरतो, दुसरा त्याला सूचना देतो, तिसरी मागं उभी राहून वहीत उतरवते. तिची वही सगळ्यात नीटनेटकी असते, शेरा 'छान' असतो, आणि वर्षअखेरीला तिला फाईल कुठं साठवली ते शोधता येत नाही. ही तिसरी बहुतेक वेळा मुलगी असते. कुणी मुद्दाम करत नाही. घरात जसं मोबाईल आधी भावाच्या हातात जातो, तसंच तिथं होतं.

उपाय साधा आहे आणि तो शिक्षकांना पटतो: दर दहा मिनिटांनी जागा बदलायची. पालक सभेत हे शांतपणे मांडा. एकटीनं न बोलता गटातल्या तिघी-चौघींनी मिळून मांडा, म्हणजे ते एका आईचं गाऱ्हाणं राहत नाही.

कागदाचा कीबोर्ड

हातात यंत्र आठवड्यातून वीस मिनिटंच येणार असेल तर ती वीस मिनिटं अक्षर शोधण्यात जाऊ नयेत. वहीच्या पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचा कीबोर्ड काढायला लावा. इंग्रजीचा काढाच, पण मराठीचाही. सरकारनं प्रमाण मानलेल्या मराठी मांडणीला इन्स्क्रिप्ट म्हणतात, आणि ती आपल्या मुळाक्षरांसारखीच शिस्तीची आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. के च्या बटणावर क, आणि शिफ्ट दाबून तेच बटण दाबलं की ख. आय वर ग, शिफ्टसह घ. एल वर त, शिफ्टसह थ. एच वर प आणि फ, वाय वर ब आणि भ. जोडीतलं दुसरं अक्षर शिफ्टवर, हे एकदा लक्षात आलं की निम्मं पाठ झालं. 'घर' लिहायचं तर शिफ्ट धरून आय, मग जे. रोज रात्री भाकरी होईपर्यंत चुलीजवळ बसून पुठ्ठ्यावर दहा शब्द. तुम्ही शब्द सांगायचा, तिनं बोटं ठेवायची.

हे पुढे कामाला येतं. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी मिनिटाला ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांच्या टंकलेखनाचं प्रमाणपत्र मागतात, आणि बऱ्याच सरकारी जागांना एमएस-सीआयटी किंवा तशाच अभ्यासक्रमाचं. एमएस-सीआयटी २००१ पासून चालू आहे, तो दहावीनंतरही करता येतो. सहावीतल्या पोरीसाठी गटातून कर्ज काढून कसलाही कोर्स लावायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

विकतचा प्रकल्प

दिवाळीच्या सुट्टीत 'प्रकल्प' देतात. मग स्टँडजवळच्या दुकानातून रंगीत प्रिंट काढून, वर मुलीचं नाव टाकून, प्लास्टिकच्या फाईलीत घालून शाळेत जमा. आता तर मोबाईलला विचारलं की तो दहा पानं लिहून देतो. बाईंना ते ओळखू येतं. पैसे गेले ते गेले, आणि बाईंनी त्यातला एक शब्द विचारला की पोर खाली मान घालतं. हातानं लिहिलेली चार पानं, त्यात गावातल्या दूध डेअरीवर संगणक काय काम करतो, फॅट लावल्यावर पावतीवर कोणकोणते आकडे येतात, ते कुठून येतात, एवढं विचारून आणलेलं असलं तरी तो उत्तम प्रकल्प. डेअरीवाले भाऊ सांगतात, सकाळची गर्दी ओसरल्यावर गेलं म्हणजे झालं.

मोबाईलबद्दल थोडं. घरात एकच असेल तर संध्याकाळी अर्धा तास अभ्यासाचा ठरवून द्या आणि तो समोर बसून वापरू द्या. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर फुकट वाचता येतात आणि पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपनं उघडतात. टायपिंग आणि तक्ता मोबाईलवर शिकता येतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, थोडंफार होतं, पण कीबोर्डची सवय त्यातून लागत नाही.

अकरावी-बारावीच्या मुलींसाठी

गावातून इस्लामपूरला कॉलेजला येणाऱ्या मुलींची खरी अडचण एसटीची आहे. प्रात्यक्षिकाची तुकडी दुपारी उशिरा असली की गाडी चुकते, गाडी चुकली की घरी बोलणी बसतात, मग पोरगी प्रात्यक्षिकच बुडवते. पुढं गावाकडच्या पोरींना 'इंटरेस्ट नाही' असा शिक्का बसतो. अहिल्यादेवी होळकर योजनेतून ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण पास गाडी थांबवून ठेवत नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी अर्ज करून सकाळची तुकडी मागून घ्या. त्या एका अर्जानं वर्षभराची कटकट वाचते. आणि जर्नल दर आठवड्याला पूर्ण करायचं, जानेवारीत मैत्रिणीचं उतरवायचं नाही.

शाळेला काय विचारायचं

आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती असते. तीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे आपल्यापैकी कुणी ना कुणी तिथं आहेच, नुसती सही करायला जात असली तरी. पुढच्या बैठकीत तिनं तीन गोष्टी विचाराव्यात. संगणक खोलीत यंत्रं किती आणि आज चालू किती? प्रत्येक मुलाला आठवड्यातून किती मिनिटं हात लावायला मिळतो? वीज गेली तर तो तास नंतर भरून काढतात का? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायची. गटात करतो तसंच. बंद यंत्र दुरुस्त करायचा खर्च कुठून करायचा हा पुढचा प्रश्न, तो आकडा समोर आल्यावर ग्रामपंचायतीकडं नेता येतो.

या महिन्याचं उदाहरण

मुलांना सोडवायला द्या आणि वही पुढच्या बैठकीला आणायला सांगा: कर्ज १५,००० रुपये, मुद्दलाचे पंधरा हप्ते, दरमहा शेकडा दीड रुपया, व्याज उरलेल्या मुद्दलावर. पहिल्या महिन्याचं व्याज २२५ यायला हवं, शेवटच्या महिन्याचं १५, आणि सगळं मिळून १,८००. गटातल्या कुणाचं असंच खरं कर्ज चालू असेल तर पोरीचा तक्ता खतावणीशेजारी ठेवून बघा. आकडे जुळले नाहीत तर आधी खतावणी तपासा, मग पोरीचं गणित.